न विचारता काढलेला विमा

गडचिरोलीला राहायला आल्यावर भाऊंना बरेच दिवस झोप लागली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, हवेला वास नाही. सगळी नोकरी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये गेलेली, संसार मिलच्या क्वार्टरमध्ये झालेला. तिथल्या हवेत एक आंबूस वास कायम भरलेला असतो. नवखा माणूस रेल्वेतून उतरला की आधी नाकाला रुमाल लावतो. भाऊंची तक्रार उलटी होती. "इथी श्वास घेतला का काई आत गेल्यासारखंच वाटत नाई," असं ते काळजीच्या सुरात सांगायचे. त्यांच्या बायकोला, माईंना, या दुखण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "नाकाले जन्मात पहिल्यांदा सुटी भेटली, तं त्याले करमून नाई राह्यलं," एवढं बोलून त्या पुन्हा भाजी निवडायला लागायच्या.

मी त्यांची भाडेकरू. गडचिरोलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. भाऊंनी निवृत्तीनंतर माईंच्या माहेरच्या जागेवर घर बांधलं होतं आणि त्यातली मागची खोली भाड्यानं द्यायची होती. खोली बघायला गेले त्या दिवशी भाऊंनी मला घरात नेलंच नाही. अंगणात आंब्याच्या सावलीत एक पांढरी, जुनी, छोटी गाडी उभी होती. तिचं पुढचं दार उघडून म्हणाले, "बसा मॅडम." मला वाटलं, खोली दुसऱ्या वॉर्डात असेल. मी बसले. ते स्टेअरिंगपाशी बसले. "पट्टा लावा," म्हणाले. मी पट्टा लावला, त्यांनीही लावला. गाडी काही सुरू झाली नाही. समोरच्या कुंपणाकडे बघत आम्ही भाडं, नळाचं पाणी आणि विजेचं मीटर या विषयांवर बोललो, आणि बोलणं संपल्यावर पट्टे सोडून उतरलो.

पुढे कळलं की ती गाडी म्हणजे त्यांची बैठक होती. सकाळचा पेपर गाडीत, दुपारची डुलकी गाडीत. पाहुणा आला की तोही गाडीत. फार महत्त्वाचा पाहुणा असेल तर माई चहाचा कप खिडकीतून आत द्यायच्या. "क्वार्टर दोन खोल्यायचं होतं," भाऊ सांगायचे, "तिसरी खोली म्हणून घेतली होती गाडी." नव्या घरात चार खोल्या होत्या, पण त्यांचा जीव तिसऱ्या खोलीतच. गाडी रस्त्यावर काढली तर बैलगाडीला मागे टाकणार नाही याची ते खबरदारी घ्यायचे.

दुसरी खोड कागदाची. कुठलाही कागद हातात आला की वाचायच्या आधी तो अंगठा आणि बोटात चोळून बघायचा, मग उजेडाकडे धरायचा. लग्नाची पत्रिका आली की कोणाचं लग्न आहे ते माई वाचणार, कागद कसा आहे ते भाऊ सांगणार. एकदा माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका चोळून ते इतके खिन्न झाले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी झालंच नाही. फोनवर आलेले फोटो, निरोप, निमंत्रणं यांना ते "हवेतलं" म्हणायचे, आणि हवेबद्दलचं त्यांचं मत मी सांगितलंच आहे.

या खोडीनंच सगळा घोळ केला.

बल्लारपूरला त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये त्यांच्याच पाळीतला एक सोबती राहायचा. तो अचानक गेला. मिलनं बायकोला क्वार्टर सोडायला सांगितलं. तिनं जवळच्या वस्तीत खोली घेतली आणि गाड्यांच्या विम्याची एजन्सी घेतली. भाऊ तिला वहिनी म्हणायचे. तिचं पहिलं गिऱ्हाईक भाऊच. पहिल्या वर्षी ती विचारायला आली, "भाऊजी, विमा काढू का?" भाऊ म्हणाले, "काढा. अन् आता दरसाल विचारत नोका बसू. काढून टाकत जा, पगार झाला का पैसे देतो." तेव्हापासून दर एप्रिलला वहिनी स्वतःच्या पदरचे पैसे भरून विमा काढायच्या, कागद क्वार्टरवर आणून द्यायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. भाऊंच्या आग्रहानं मिलमधल्या कितीतरी लोकांनी आपल्या मोटारसायकली वहिनींच्या हवाली केल्या, आणि त्या बाईची चूल पेटती राहिली.

भाऊ क्वार्टर सोडून इकडे आले ते मार्चअखेरीला. एप्रिल आला. कागद काही आला नाही. भाऊंनी फोन केला नाही. "म्या समजलो, आपण गाव सोडलं, आता त्यायच्या ध्यानात कायले राहू आपण," असं ते नंतर म्हणाले. त्याच सुमारास ते पत्ता बदलायला बँकेत गेले. तिथल्या पोरानं सहज विचारलं, काका, गाडीचा विमा आहे का? आणि एका खासगी कंपनीचं माहितीपत्रक पुढे केलं. जाड, गुळगुळीत, करकरीत कागद. भाऊंनी तो चोळला, उजेडाकडे धरला, आणि तिथल्या तिथे विमा काढून मोकळे झाले. पॉलिसीत काय लिहिलंय हे त्यांना विचारू नका. कागदाबद्दल मात्र ते आठवडाभर बोलत होते.

मे महिन्यात त्यांच्या फोनची जागा भरली म्हणून त्यांनी तो मला साफ करायला दिला. न उघडलेल्या निरोपांच्या ढिगात वहिनींचा एक निरोप होता. "भाऊजी, विमा काढला. तुमी इकडे आले का कागद देईन." खाली पॉलिसीची फाईल. बँकेत जायच्या बरीच आधीची.

मी वाचून दाखवलं तेव्हा भाऊ गाडीत बसलेले होते. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा लावला. "म्हणजे त्यायनं सोडलं नवतं," म्हणाले. एका गाडीला दोन विमे झाले याचं त्यांना काही नव्हतं. वहिनींवर आपण शंका घेतली, याचं मात्र फार होतं. त्यांनी त्याच दिवशी वहिनींचे पैसे पाठवले आणि मला म्हणाले, "हे बँकवालं रद्द करा मॅडम."

मी तशी भांडकुदळ. कोणी नियम सांगून पैसे कापायला लागलं की मला स्फुरण चढतं. आणि त्या कंपनीनं तर भांडणाचं ताटच वाढून ठेवलं होतं. आधी म्हणाले, रद्द करण्याचं शुल्क कापू. मी म्हटलं, गाडीला आधीच विमा होता, तुमच्या पॉलिसीनं कशाचीच जोखीम घेतली नाही, मग शुल्क कशाचं? तर म्हणाले, उरलेली रक्कमसुद्धा लगेच मिळणार नाही, कारण गाडीच्या कागदांवर बल्लारपूरचा पत्ता आहे आणि पॉलिसीवर गडचिरोलीचा. मी नव्या घराचं वीजबिल पाठवलं. बिल माईंच्या वडिलांच्या नावावर निघालं. मग ते मयत असल्याचा दाखला मागितला. घर बदललं हा या देशात गुन्हा आहे की काय, असं मला वाटायला लागलं.

मी फोनवर आवाज चढवला की भाऊ अस्वस्थ व्हायचे. "पोरगी ड्युटीवर आहे मॅडम, तिच्यावर कायले ओरडता?" एकदा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पलीकडच्या मुलीला जेवली का म्हणून विचारलं. ती गडबडली. मग दोघं बराच वेळ तिच्या गावच्या उन्हाबद्दल बोलले. विम्याचा विषय निघालाच नाही. फोन ठेवून भाऊ समाधानानं म्हणाले, "मोठी चांगली पोरगी आहे."

शेवटी ठरलं की चंद्रपूरच्या शाखेत समक्ष जायचं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. भाऊंच्या मांडीवर पळसाच्या पानांचा मोठा पुडा होता, त्यात टेंभरं. तेंदूची ही पिवळी, गोड फळं माईंच्या माहेरच्या बायका रानातून आणतात. "कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नये," भाऊ म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, आपण तिथे भांडायला चाललोय. "मंग?" ते म्हणाले. "भांडाले गेलं म्हणून का दार दुसऱ्याचं राह्यत नाई?"

शाखेतले साहेब तरुण होते, नीटनेटके, घामेजलेले. भाऊंनी नमस्कार केला आणि पुडा टेबलावर ठेवून उघडला. साहेबांनी वर कोपऱ्यात पाहिलं, मग आमच्याकडे. "हे उचला आधी. इथे कॅमेरे आहेत. असलं काही आम्ही घेत नाही."

भाऊंना वाटलं, साहेबांना फळांचा भरवसा नाही. त्यांनी एक टेंभर उचललं, सदऱ्याला पुसलं, खाल्लं आणि बिया तळहातावर काढून साहेबांना दाखवल्या. "किडे नाई बाप्पा यात. पाहा."

मला हसू आवरेना. रांगेतली माणसंही हसायला लागली. साहेब लालबुंद झाले. भाऊंना शेवटी मी कानात सांगितलं की त्यांना ही लाच वाटते आहे. भाऊंचा चेहरा असा उतरला की माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. त्यांनी पुडा उचलला, रांगेतल्या माणसांना एकेक टेंभर वाटलं, आणि रिकाम्या पानांची घडी करून खिशात ठेवली. मग खुर्चीवर बसून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आता तुमी सांगा."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्यावरही वरून ताण असणार. त्यांनी कागद पाहिले, थोडा विचार केला आणि एक सोपा रस्ता सुचवला. "काका, आमची पॉलिसी रद्दच कशाला करता? बल्लारपूरची पॉलिसी एजंटनं परस्पर काढली ना? तुमची सही नाही, तुमचा फोन नाही. तेवढं लिहून द्या, की मला न विचारता काढली. ती रद्द होईल, तिकडून पूर्ण पैसे परत मिळतील, आमचं इथे चालू राहील. तुमचा एक रुपया जाणार नाही."

"अन् त्या बाईले?" भाऊंनी विचारलं.

"त्यांना काय, चौकशी होईल. एजन्सी जाईल बहुतेक. पण चूक त्यांची आहे ना?"

भाऊंनी पहिल्या वर्षीची हकीकत सांगितली. विचारत नोका बसू, असं आपणच म्हटलं होतं, हेही सांगितलं. साहेबांनी विचारलं, ते लेखी आहे का? भाऊ म्हणाले, "शेजाऱ्याले कोणी लेखी देते का?"

"मग न विचारता काढली हे खरंच आहे."

"खरं आहे," भाऊ म्हणाले. "पण ते लिहिलं तं तिची चूल विझते. मी नाई लिहून देत. तुमचं रद्द करा, काय कापाचं ते कापा."

परतीची एसटी चंद्रपूरबाहेर पडली. मी म्हटलं, वर तक्रार करू, विमा लोकपालाकडे जाऊ, शुल्क सोडवून घेऊ. भाऊंनी विचारलं, तिथे काय काय विचारतील? मी म्हटलं, सगळंच विचारतील, कोणती पॉलिसी आधी निघाली, कोणी काढली, कशी काढली. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंग राहू द्या." पैसे आले दिवाळीच्या तोंडावर, कापून-छाटून. मी चडफडले. भाऊ म्हणाले, "क्वार्टरातून सामान आणलं तेव्हा ट्रकवाल्यानं ओळखीचा म्हणून भाडं कमी घेतलं होतं. ती बाकी आता फिटली असं समजा." वहिनींना यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी आम्हा दोघींना सक्त ताकीद होती.

पण साहेब कामाचा माणूस. त्यांनी फाईल बंद करायच्या आधी वहिनींना फोन करून खात्री केली होती.

पुढच्या एप्रिलला भाऊंचा फोन वाजला. ते गाडीत होते, मी फाटकातून येत होते. वहिनींचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "भाऊजी, यंदा विमा काढू का? तुमची परवानगी पाहिजे होती." भाऊंनी फोन कानापासून दूर धरला. पुन्हा आवाज आला, "भाऊजी? काढू का?" त्यांनी फोन बंद करून समोर ठेवला. त्या दिवशी पेपरही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीचा हॉर्न वाजवला. माई मागे बसल्या होत्या. "मॅडम, सुटी आहे ना? पट्टा लावा." या वेळी गाडी खरोखर सुरू झाली.

चामोर्शीला बाजार होता. तिथे थांबून त्यांनी वाळलेले झिंगे, म्हणजे सुकी कोलंबी, घेतले, वहिनींना आवडतात म्हणून. एप्रिलचं ऊन, बंद काचा आणि झिंगे. माईंनी पदर नाकाला लावला. भाऊंनी वर्षात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "आता कसं!" आष्टीच्या पुढे जंगलात ट्रकवाले आमच्या मागे हॉर्न वाजवून थकले. बल्लारपूरला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

वहिनी दारातच होत्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, खांद्याला ऑफिसची बॅग. आम्हाला बघून त्यांनी बॅग खाली ठेवली. भाऊंनी झिंग्यांची पुडी हातात दिली आणि चप्पल न काढताच बोलायला सुरुवात केली. मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"वहिनी, तुमी मले विचारून राह्यल्या? मले? म्या क्वार्टर सोडलं, माणसं सोडली का?"

वहिनींनी पुडी बॅगेवर ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "न विचारता केलं, तं भुर्दंड तुमाले बसला. मले सगळं मालूम आहे भाऊजी. त्या साहेबानंच फोनवर सांगतलं, काकानं लिहून दिलं असतं तं तुमची एजन्सी गेली असती म्हणून. आता विचारून केलं, तं तुमी इथी येऊन भांडून राह्यले. मी करू तं काय करू, सांगा."

 भाऊ उंबऱ्यातच उभे राहिले. माईच शेवटी म्हणाल्या, "पाह्य व, या माणसाले पैसे गेले तं चालते. विचारलं तं चालत नाई. असाच आहे हा पहिल्यापासून."

"विचाराचं नाई," भाऊ म्हणाले. आवाज आता बसला होता. "सारं गाव तिकडं नवं आहे. नळवाला विचारते, बँकवाला विचारते, दूधवालाही विचारते, पाहिजे का म्हणून. इथी एक जण तं असं असू द्या जो विचारत नाई."

वहिनींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं," म्हणाल्या. "नाई विचारत." मग त्यांनी त्या झिंग्यांची चटणी केली आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो.

भाऊ त्याच्या पुढच्या थंडीत गेले. छातीत दुखतं म्हणाले, दवाखान्यात नेलं, दोन दिवस राहिले. वहिनी पहिल्या बसनं आल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांनी माईंच्या बरोबरीनं पोळ्या लाटल्या. गाडी अंगणात आंब्याखाली तशीच उभी राहिली. तिच्यात कोणी बसेना. माईंना गाडी येत नव्हती, मला यायची पण माझा धीर झाला नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी माईंनी मला हाक मारली. भाऊंचा फोन त्यांनी बंद केला नव्हता, रोज चार्ज करायच्या. "बाई, पाह्य बरं, यांच्या फोनवर काय आलं."

मी पाहिलं. वहिनींनी पाठवलेली पॉलिसी होती. पांढरी गाडी, भाऊंचं नाव, गडचिरोलीचा पत्ता. वर्षभराचा विमा. खाली निरोपाचा एक शब्दही नव्हता.

मी माईंना समजावून सांगितलं. गेलेल्या माणसाच्या नावावर विमा चालत नाही. गाडी आधी तुमच्या नावावर करावी लागेल, नाहीतर ही पॉलिसी रद्द करावी लागेल. रद्द करायला मीच अर्ज करते, शुल्क कापतील थोडं, पण बाकीचे पैसे वहिनींना परत मिळतील.

माईंनी माझ्याकडून फोन घेतला आणि वहिनींना लावला. "वहिनी, गाडीचा विमा काढला तुमी?"

"हाव."

"अवं, कोण चालवन आता ते गाडी? मले विचाराचं तरी."

 वहिनी म्हणाल्या, "त्यायनं सांगतलं होतं ना माई, विचारू नोका म्हणून."

माईंनी फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मी पुन्हा विचारलं, रद्दचा अर्ज करू का?

"नोको," माई म्हणाल्या. "एक साल राहू दे."